कमाटीबागेचे ऋतू

बडोद्याची विश्वामित्रीकाठची सयाजीबाग आम्हा जुन्या मराठी घरांत आजही 'कमाटीबाग'च. १८७९ साली ती लोकांसाठी खुली झाली, तेव्हा सयाजीराव महाराज किशोरवयात होते. राज्याधिकार त्यांना १८८१ मध्ये मिळाले. १८९४ मध्ये बागेत संग्रहालयाची इमारत उभी राहिली.

थंडीत आजी मला तिथे कोवळ्या उन्हात बसवी, उन्हाळ्यात झाडाखाली. पावसाळ्यात मात्र मगरींच्या धास्तीने नदीकडे फिरकू देत नसे.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये शहर गुजरात राज्यात आले. दरबारातली मराठी घरापुरती उरली. माझा नातू बागेत गुजरातीत खेळतो. भूक लागली की हाक मात्र मराठीत मारतो. बागेला माळी आहेत. भाषेची निगा आपणच राखायची.