फैजपूरचे पाहुणे

पाहुण्याचें स्वागत दोन प्रकारांनीं करतां येतें. एक हात जोडून, दुसरें थट्टा करून. पहिल्या प्रकारांत मान असतो, पण थोडें अंतरहि असतें. दुसऱ्या प्रकारांत पाहुण्याला घरच्या माणसाचा अधिकार मिळतो, आणि त्याबरोबर घरच्या माणसानें सोसावयाचा त्रासहि मिळतो. खानदेशांत हे दोन्ही प्रकार चालत आले आहेत. परंतु ज्याला मनापासून आपलें म्हणावयाचें त्याच्या वांट्याला बहुधा दुसराच येतो.

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या बाजूला, यावल तालुक्यांत फैजपूर वसलें आहे. भोंवतीं काळी जमीन, कापूस आणि केळीचे मळे. येथील लेवा बोलींत ‘ळ’ या अक्षराला फारसा थारा नाहीं. केळीची ‘केयी’ होते आणि डोळ्याचा ‘डोया’. शहरचा पाहुणा हें ऐकून हंसतो. मग गांवकरी त्याला शेतांतल्या दहा वस्तूंचीं नांवें विचारतो, आणि हंसण्याची पाळी बदलते.

लग्नमंडपांत तर हा परिहास विधीचाच भाग होऊन बसला आहे. नवरीच्या भावानें नवरदेवाचा कान पिळावा, बायकांनीं विहिणीच्या रूपाची आणि कंजूषपणाची गाण्यांतून यथेच्छ निंदा करावी, आणि विहिणीनें ती हंसत ऐकून मग सव्याज परत करावी, असा दंडक आहे. येथें रागावणाराच हरला असें समजतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासुरवाशिणी माहेरीं येतात. झोके बांधले जातात, गौराईचीं गाणीं होतात. पूर्वीं कांहीं ठिकाणीं शेजारच्या दोन गांवांच्या स्त्रिया नदीच्या दोन कांठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहत असत. सण सरला कीं हें वैरहि सरे. एरवीं वर्षभर तोंड मिटून राबणाऱ्या स्त्रियांना त्या एका दिवशीं मिळणारी ती मोकळीक होती.

जेवणाच्या पंगतींतहि पाहुण्याची परीक्षा होते. हिंवाळ्यांत फैजपूरजवळच्या बामणोदचीं मोठालीं वांगीं कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि हिरव्या मिरचीसह ठेचून त्यांचें भरीत करतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यानें पहिला घास घेतला कीं सारी पंगत त्याच्या चेहऱ्याकडे पाहूं लागते. त्यानें पाणी मागितलें तर हंशा पिकतो. डोळे पुसून पुन्हां भरीत मागितलें तर तो जिंकला.

या पाहुणचाराची सर्वांत मोठी कसोटी १९३६ सालीं लागली. राष्ट्रसभेचें पन्नासावें अधिवेशन त्या वर्षीं २७ व २८ डिसेंबर रोजीं फैजपूरला भरलें. १८८५ पासून हीं अधिवेशनें शहरांत भरत आलीं होतीं. ग्रामीण भागांत भरलेलें हें पहिलेंच. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनीं त्यासाठीं अपार कष्ट घेतले. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनीं बांबू आणि तेथें मिळणारें साधें साहित्य वापरून ‘टिळकनगर’ सजविलें.

अशा वेळीं एक धोका असतो. शहरानें पाहावें म्हणून खेडें मांडून ठेवावें, दोन दिवस त्याचें कौतुक व्हावें, आणि पाहुणे गेल्यावर खेडुतानें पुन्हां कर्जाच्या वहीकडे वळावें. मग यजमान हा यजमान राहत नाहीं, देखाव्यांतलें एक चित्र होतो. फैजपूरला तसें झालें नाहीं. सारा आणि खंड कमी व्हावा, शेतकऱ्यावरील कर्जाचा भार हलका व्हावा, वेठबिगार बंद व्हावी, अशा मागण्यांचा शेतकी कार्यक्रम याच अधिवेशनानें मंजूर केला. खेड्यांत आलेल्या पाहुण्यांना खेड्याचें गाऱ्हाणें ऐकून घ्यावें लागलें.

अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांच्या सहा जोड्यांनीं ओढलेल्या, नंदबाबूंनीं सजविलेल्या रथांतून. तिच्यांत आदर होता यांत शंका नाहीं. तथापि, आगगाडीनें व मोटारीनें धांवणाऱ्या पुढाऱ्यांना त्या दिवशीं शेतकऱ्याच्या बैलांच्या चालीनेंच पुढें सरकावें लागलें, ही गोष्टहि खानदेशी विनोदबुद्धीला शोभणारी होती. पुढें ध्वजारोहणाच्या वेळीं ध्वज मध्येंच अडकला. देशोदेशींचे प्रश्न सोडविणारे नेते खालीं उभे होते. शिरपूरचा किसनसिंग राजपूत हा तरुण त्या उंच खांबावर चढला आणि त्यानें ध्वज मोकळा केला. पाहुण्यांची अडचण घरच्या पोरानें दूर केली.

१९३८ सालीं राष्ट्रसभा हरिपुऱ्याला, पुन्हां एका खेड्यांतच, भरली. फैजपूरनें घालून दिलेली वाट रुळूं लागली होती. आणि ज्या खानदेशी बोलीला पाहुणे हंसत, तिचाहि दिवस उगवला. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत आणि जात्यावर त्यांना सुचलेलीं गाणीं त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं, आणि सारा महाराष्ट्र तीं मान डोलवीत वाचूं लागला. त्या गाण्यांत दुःख आहे, तसा मिस्किलपणाहि आहे. आणि तीं समजून घेण्यासाठीं पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘डोया’ म्हणजे काय हें खानदेशी माणसालाच विचारावें लागलें.