मिरजई, ड्रिल आणि पिवळे जाकीट

गोमती नदीच्या डाव्या तीरावरील गोमती नगर ही वसाहत लखनौ विकास प्राधिकरणाने १९८० च्या दशकापासून उभी केली. विपिन खंड, विराम खंड, विभूती खंड अशी नावे असलेले तिचे विभाग ज्या जमिनीवर वसले ती उजरियांवसारख्या गावांची शेतजमीन होती, आणि अवधातील अशा शेतांत थंडीच्या दिवसांत राबणारा माणूस जे वस्त्र अंगात घालत असे त्याला मिरजई म्हणत. मिरजई म्हणजे कमरेच्या किंचित खाली येणारा, लांब बाह्यांचा आखूड अंगरखा. त्याच्या पुढच्या दोन बाजू एकमेकींवर चढवून बंदांनी बांधत आणि हिवाळ्यासाठी तो दुहेरी कापडात कापूस भरून शिवत. कामाच्या जाकिटाचा इतिहास बहुधा युरोप-अमेरिकेतील कारखान्यांपासून सांगितला जातो. परंतु अंग झाकावे, ऊब मिळावी आणि हात मात्र मोकळे राहावेत, ही त्या जाकिटाची मूळ गरज मिरजईने कारखान्यांच्या आधीच ओळखली होती.

महाराष्ट्रातील बाराबंदी याच घराण्यातली. मांजरपाटासारख्या जाड सुती कापडाची बाराबंदीही छातीवर एकावर एक येते आणि बंदांनी बांधली जाते. सोलापूरला सिद्धेश्वराच्या मकरसंक्रांतीच्या यात्रेत उंच, जड नंदीध्वज तोलत चालणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालतात. तिथे ती परंपरेची खूण असली तरी शरीराचा सगळा जोर लागणाऱ्या कामात हे वस्त्र कुठे अडत नाही, हेही त्यातून दिसते. अशा बांधणीचे फायदे साधे आणि पक्के आहेत. छातीवर कापडाचे दोन थर येतात, माणूस वाळला किंवा भरला तरी बंद सैल वा घट्ट करून तेच वस्त्र चालते, आणि बंद तुटला तर घरातली चिंधीही कामी येते. अवधी शिवणकामात याला चौबगल्याची जोड होती. चौबगला म्हणजे काखेखाली तिरका बसवलेला चौकोनी तुकडा. हात वर गेला की तो उघडतो, त्यामुळे शिवणीवर ताण येत नाही आणि कापडाचा घेर पोटापासून वर ओढला जात नाही.

लखनौच्या वस्त्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनौ’मध्ये जामा, अंगरखा, चपकन, अचकन यांची परंपरा मोठ्या आस्थेने नोंदवली, पण तो भर दरबारी आणि नागर पोशाखावर आहे, आणि कामकऱ्याच्या कपड्याचा शोध घेणाऱ्याला कादंबरीकडे वळावे लागते. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील (१९३६) बेलारी हे नायक होरी या शेतकऱ्याचे गाव अवधातलेच. माघातील पावसाळी रात्री वाटाण्याच्या शेताची राखण करत झोपडीत पडलेल्या होरीच्या अंगावर फाटकी मिरजई आणि जीर्ण कांबळे आहे. ती मिरजई पाच वर्षांपूर्वीची, त्याची बायको धनिया हिने जवळजवळ हट्टाने करवून घेतलेली, आणि तिचे कापड काबुली व्यापाऱ्याकडून उधारीवर आलेले, ज्या उधारीपायी पुढे शिव्या खाव्या लागल्या. कामाच्या कपड्याचे अर्थशास्त्र इतक्या थोड्या जागेत क्वचितच कुणी मांडले असेल. कापूस भरलेले वस्त्र धुणे अवघड, एक-दोन हिवाळ्यांत आतला कापूस बसून त्याचे गोळे होतात, आणि तो पुन्हा पिंजून भरून घ्यायला पैसे लागतात. ज्याला ते परवडत नाही त्याच्या अंगावर मिरजईचा आकार राहतो आणि ऊब निघून जाते.

कामाच्या जाकिटाचा दुसरा प्रवाह लष्कराकडून आला. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन याने उभारलेल्या ‘गाइड्स’ पलटणीने मातकट खाकी रंग स्वीकारला होता. ३० जून १८५७ रोजी, आजच्या गोमती नगरच्या पूर्वेला लागून असलेल्या चिनहट येथे उठाव केलेल्या शिपायांकडून हेन्री लॉरेन्सच्या ब्रिटिश फौजेचा पराभव झाला, तेव्हा ब्रिटिश सैनिक शत्रूइतकेच उन्हानेही खचले होते. १८५७ च्या त्या उठावाच्या काळात अनेक ब्रिटिश पलटणींनी पांढरे कपडे हाताला येईल त्या रंगात बुडवून मळकट केले आणि शतक संपेपर्यंत खाकी ड्रिल हे लष्कराचे नेहमीचे कापड झाले. ड्रिल म्हणजे तिरप्या विणीचे, घट्ट आणि जाड सुती कापड. साध्या उभ्या-आडव्या विणीपेक्षा त्यात सूत अधिक दाट बसते, म्हणून ते घासले तरी लवकर विरत नाही. कानपूरची ‘लाल इमली’ म्हणून ओळखली जाणारी लोकरीची गिरणी १८७६ ची, तर शाहजहानपूरचा लष्करी कपड्यांचा कारखाना १९१४ चा. या दोन्हींमुळे लखनौच्या आसपासच एकसारख्या मापाच्या, बटणांच्या कपड्यांचे मोठे उत्पादन सुरू झाले. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड त्याच्याही पूर्वी जहाजांतून युरोपात जाऊन खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर चढले होते. फ्रान्समधील कामगारांची निळी जाकिटे आणि १८७३ मध्ये जेकब डेव्हिस व लीव्हाय स्ट्रॉस यांनी पेटंट घेतलेले खिशांच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिव्हेट हे त्यापुढचे टप्पे.

बंद गेले ते यंत्रांमुळे. फिरत्या पट्ट्यात किंवा दंडात लोंबता बंद सापडला तर हात आणि कधी जीवही जातो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमाने चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याच्या अंगात तंग बसणारे कपडे असावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत असे ठरवले. होरीने कापड उधारीवर घेतले होते. इथे कपडा देण्याचे दायित्व काम करवून घेणाऱ्यावर आले, आणि हा बदल कोणत्याही कापडाच्या शोधापेक्षा मोठा मानला पाहिजे.

गोमती नगरच्या रस्त्यांवर आणि बांधकामांवर आज सर्वाधिक दिसणारे वस्त्र म्हणजे पिवळे किंवा नारिंगी, चंदेरी पट्ट्यांचे बिनबाह्यांचे जाकीट. त्याची सुरुवात १९६४ मध्ये ग्लासगो येथे झाली, जेव्हा ब्रिटिश रेल्वेने रुळांवर काम करणाऱ्यांना झगझगीत नारिंगी जाकिटे देऊन पाहिली. तो रंग अदृश्य अतिनील किरणे शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून पहाटे, संध्याकाळी आणि लखनौच्या जानेवारीतील धुक्यात तो उठून दिसतो. चंदेरी पट्टी मात्र गाडीच्या दिव्याचा झोत आल्या वाटेने परत पाठवते आणि दिवा नसेल तर निरुपयोगी ठरते. आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा कपड्यांचे तीन वर्ग आहेत: दुसऱ्या वर्गाला किमान ०.५० चौरस मीटर रंगीत कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते, तिसऱ्याला अनुक्रमे ०.८० आणि ०.२०. भारतीय मानक आयएस १५८०९ याच प्रकारच्या कपड्यांसाठी आहे. मात्र जाळीदार पॉलिएस्टरचे हे जाकीट माणूस दाखवते, त्याला ऊब देत नाही. थंडीत ते एकटेच देऊन कामाचा कपडा दिला असे मानणे ही मजुराची फसवणूक आहे.

म्हणून निवड करताना आधी काम पाहावे, मग कापड. लखनौत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या रात्री पाच-सहा अंशांवर येतो, त्यामुळे एकच जाकीट वर्षभर पुरत नाही. दर चौरस मीटरला २४० ते ३०० ग्रॅम वजनाचे सुती ड्रिल बहुतेक कामांना योग्य असते; ते आधीच आटवलेले नसेल तर शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुलाईत बाह्या आखूड होतात. वेल्डिंग किंवा कटाई करणाऱ्याने पॉलिएस्टर टाळावे, कारण ठिणगीने सूत जळून काळे पडते, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. त्याच्या खिशांना झाकण असावे आणि बाहीला दुमड नसावी, म्हणजे ठिणगी अडकून राहणार नाही. विजेच्या कामात धातूची चेन किंवा बटणे नकोत. खांद्याची आणि काखेची शिवण कापडाच्या कडा आत दुमडून दुहेरी टाक्यांची असावी. जाकीट घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, मग खाली वाकावे. कमर उघडी पडली तर काखेत कापड कमी आहे, आणि तेथे चौबगला बसवून देणे कोणत्याही जाणत्या शिंप्याला जमते. थंडीत आत कापूस भरलेली सदरी, म्हणजे बिनबाह्यांची बंडी, घालायची असेल तर बाहेरचे जाकीट एक माप मोठे घ्यावे, आणि चमकते जाकीट त्या सर्वांवरून येईल इतके सैल असल्याची खात्री करावी, कारण उबेसाठी वरून घेतलेल्या शालीखाली त्याचे पट्टे झाकले जातात.