चार गिअर आणि एक बटण

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली ‘एमजीबी’ ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्‌स कार बाहेर पडली, तेव्हा तिला पुढे जाण्यासाठी चारच गिअर होते. वळणावळणाच्या गावरस्त्यांना ते पुरत. पण रस्तेच बदलू लागले होते. १९५८ साली प्रेस्टनचा बाह्यवळण रस्ता आणि १९५९ साली लांबलचक ‘एम-१’ महामार्ग खुला झाला. अशा रस्त्यावर ताशी सत्तर मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर वेगाने जाताना या गाडीचे इंजिन चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला जवळपास ३,९०० फेरे घेते. तासभर ते ऐकायचे म्हणजे शिक्षाच!

यावरचा उपाय गाडीपेक्षाही जुना होता. एडगर डी नॉर्मनव्हिल यांची कल्पना आणि शेफील्डच्या लेकॉक कंपनीचे उत्पादन असलेला ‘ओव्हरड्राइव्ह’ आधीच ‘स्टँडर्ड व्हॅनगार्ड’ गाडीत येऊ लागला होता. गिअरबॉक्सच्या मागे बसणारी ही पेटी. मी बी.ए. झालेला कवी, यंत्रशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. पण तिच्या आतली रचना मला सूर्यमालेसारखी वाटते. मधल्या दातेरी चाकाला ‘सूर्य’ आणि भोवतीच्या लहान चाकांना ‘ग्रह’ म्हणतातच. बटण दाबले की तेलाच्या दाबाने शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो, सूर्य जागीच धरला जातो आणि मागचा दांडा इंजिनापेक्षा जलद फिरू लागतो. वेग तोच, फेरे मात्र ३,२०० च्या आसपास.

एमजीबीत बरीच वर्षे ही सोय जादा पैसे मोजणाऱ्यालाच मिळे. त्यामुळे तिच्याविना विकल्या गेलेल्या गाड्यांचे मालक ती आज बसवून घेतात. काम सोपे नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात. गिअरबॉक्समधला मुख्य दांडाही वेगळा लागतो. शिवाय एक रक्षक स्विच हवाच, कारण ओव्हरड्राइव्ह चालू असताना गाडी मागे घेतली तर पेटी फुटते.

काही कडवे मालक म्हणतात, कारखान्यातून आली तशीच गाडी राहू द्या. मला ते पटत नाही. महामार्गावर नेववत नाही म्हणून गाडी आच्छादनाखाली झाकून ठेवण्यात कसले जतन? दुसऱ्या गाडीचा पाच गिअरांचा आधुनिक बॉक्स बसवण्यापेक्षा, तिच्याच काळातला आणि तिच्यासाठीच घडवलेला भाग केव्हाही बरा. वृत्त न मोडता ओळ मोकळी करावी, तसे हे काम आहे.

स्पीडोमीटर तेवढा बदलावा लागतो. जुना तसाच ठेवला, तर काटा चुकीचा वेग दाखवतो.