बंबाची तोटी

वसईचा किल्ला पाहावयास गेलेला प्रवासी पडक्या चर्चच्या भिंती, बुरूज आणि समुद्रदरवाजा पाहून परततो; पण पोर्तुगीजांचा एक ठेवा स्वतःच्याच न्हाणीघरांत होता, हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. त्यांचें राज्य गेलें, शब्द मात्र राहिले. बादली, पिंप, घमेलें हे सारे त्यांच्याच भाषेंतले. ‘बंब’ हाही त्यांच्या ‘बोंबा’चा, म्हणजे पाणी उपसण्याच्या पंपाचा, मराठी अवतार. आगीच्या बंबांत तो मूळ अर्थ टिकला. घरांत तो पाणी तापविणाऱ्या तांब्याच्या भांड्यास चिकटला.

या बंबाची रचना मोठी युक्तीची. उभ्या पिंपाच्या मधोमध नळी, तिच्या तळाशीं जाळीवर निखारे, आणि नळीभोंवतीं पाणी. दुखणें बहुधा एकच: तोटी पिंपास जेथें जोडलेली, तेथें थेंब थेंब गळूं लागे. हा सांधा डाखाचा, म्हणजे कथील व शिसें यांच्या मिश्रणाचा. तांबें वितळावयास १०८५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. डाख २०० अंशांच्या आसपासच मऊ पडतो. बंबांत पाणी आहे तोंवर सांधा फारसा १०० अंशांपलीकडे जात नाहीं. पाणी संपून विस्तव राहिला कीं डाख सुटलाच. रिकाम्या बंबास विस्तव घालूं नये, हें घरोघरच्या आजीबाईंचें सांगणें पदार्थविज्ञानाच्या कसोटीसही उतरतें.

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी या कारागिरीसाठीं प्रसिद्ध. तांबट बंब आधीं रिता करी, सांधा खरवडून लखलखीत करी, नवसागर लावी आणि मगच डाख ओती. मळलेल्या धातूस डाख धरीत नाहीं; घाईनें वरून थापलेला लेप फार दिवस टिकत नसे.

वसई-विरारच्या नव्या इमारतींत बंबाच्या जागीं आतां विजेचा गीझर आहे. बंबाचें तोंड उघडें असे. गीझर हें बंद पात्र. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेलें तर तें सुमारें पाव लिटर फुगतें; त्यासाठींच सुरक्षेची झडप असते. तापतांना तिच्यांतून थेंब पडले तर तो दोष नव्हे. पाणी निवाल्यावरही ते थांबले नाहींत, तर झडप बदलावी. कटकट नको म्हणून तिला बूच मारणारे महाभाग असतात. १७३९ च्या वेढ्यांत मराठ्यांनीं बुरुजाखालीं सुरुंग पेरले, तेव्हां निदान तो शत्रूच्या बुरुजाखालीं होता!

नळाच्या आट्यांतून गळत असेल, तर प्रथम वीज तोडावी, नंतर पाणी बंद करून निवूं द्यावें. मग सांधा उकलून आट्यांवर टेफ्लॉनची फीत (हाही शब्द पोर्तुगीजच) गुंडाळून तो पुन्हां आवळावा. टाकीचा पत्राच गंजून पाझरत असेल, तर मात्र सांधे आवळून उपयोग नाहीं, नवी टाकीच आणावी लागते. तांब्याच्या बंबास अशा वेळीं ठिगळ लावतां येई.