खळ्यावरचं बलुतं आणि हॉटेलातली टीप

ऑनसाईट जाणाऱ्या माणसाला निघायच्या आधी तीन प्रश्न हमखास पडतात. थंडी किती असते, शाकाहारी जेवणाचं काय, आणि टीप किती द्यायची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टीममधला कोणीतरी अनुभवी माणूस देतो. तिसऱ्याला मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं. म्हणून म्हटलं, या वीकेंडला जरा याच्या मुळाशी जाऊन बघू. आणि शोधत शोधत पोचलो कुठे, तर थेट आमच्या आजोळी, बुलढाणा तालुक्यातल्या धाडला. पण ते पुढे येईलच.

आधी आशियाचा ढोबळ नकाशा. जपानमध्ये टीप देत नाहीत. टेबलावर सुटे पैसे ठेवून उठलात तर "साहेब, पैसे विसरलात" म्हणून वेटर मागे धावत येण्याचीच शक्यता जास्त. अपवाद एकच, त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उतारूगृहांचा, ज्यांना 'र्‍योकान' म्हणतात. तिथे खोलीची देखभाल करणाऱ्या बाईंना काही जण पैसे देतात, पण पाकिटात घालून आणि बहुतेकदा आल्या आल्याच. सिंगापुरात बऱ्याच हॉटेलांच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात. एक अधिक म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरा म्हणजे जीएसटी. हिशोब संपला, वर काही द्यायची अपेक्षा नाही. हाँगकाँगमध्येही १० टक्के बिलातच लागतात, पण चिनी नववर्षाला इमारतीच्या वॉचमनला लाल पाकीट द्यावंच लागतं. आपली दिवाळीची पोस्तच ही! थायलंडमध्ये उरलेले सुटे ठेवले तरी चालतं. इराणमध्ये टॅक्सीवाल्याला भाडं विचारलं तर तो आधी म्हणेल, तुमच्यापुढे पैशाची काय किंमत! हे खरं मानून उतरलात तर मात्र पंचाईत. आपल्याकडे "राहू द्या हो" म्हणतात आणि हात पुढेच असतो, तसलाच प्रकार.

शब्दांची गंमत तर याहून भारी आहे. 'बक्षीस' हा शब्द मूळ फारसी. तो तुर्कस्तानात गेला, इजिप्तमध्ये गेला, आपल्याकडेही आला. तुर्की माणूस आजही टीपेला 'बहशिश' म्हणतो. पण खुद्द फारसी बोलणारे इराणी लोक टीपेला म्हणतात 'अनआम', आणि तो शब्द आहे अरबी! आपण मराठी माणसांनी दोन्ही घेतले. 'बक्षीस' ठेवलं स्पर्धेसाठी आणि पोऱ्याच्या हातावर टेकवायला, आणि त्या अरबी शब्दाचा भाऊ 'इनाम' ठेवला जमिनीसाठी. एका ठिकाणी चार नाणी, दुसरीकडे पिढ्यानपिढ्यांची शेती. पण दोन्हींच्या मागे एकच कल्पना आहे. देणारा वर, घेणारा खाली, आणि किती द्यायचं ते देणाऱ्याची मर्जी ठरवणार.

आता कोणी म्हणेल, जपानी लोकांच्या रक्तातच स्वाभिमान आहे, म्हणून ते टीप घेत नाहीत. हे काही खरं नाही. जुन्या जपानात मुक्कामाला उतरलं की 'चादाई' द्यावी लागे. शब्दशः चहाचे पैसे, म्हणजे आपलं चहापाणी! पाहुण्याने किती चादाई दिली त्यावरून त्याची सरबराई ठरे, आणि न सांगता किती द्यायची या विचाराने प्रवासी हैराण होत. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चादाई बंद करण्याची चळवळच सुरू झाली आणि हळूहळू हा खर्च उघडपणे बिलात आला. थोडक्यात काय, टीप नसणं हा रक्तातला गुण नव्हे. ती एक पद्धत होती, लोकांना तिचा त्रास झाला, आणि त्यांनी ती बदलली.

मग प्रश्न पडला, आपल्याकडे काय होतं? टीप हा शब्द येण्याआधी गावात काम करणाऱ्याला मोबदला कसा मिळायचा? इथे धाड येतं.

धाड हे वऱ्हाडच्या पार टोकाचं गाव. पलीकडे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका, म्हणजे मराठवाडा सुरू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं आणि १९४८ पर्यंत ही हद्द दोन राजवटींची हद्द होऊन बसली. इकडे इंग्रजी रुपया, तिकडे निजामाचा हाली शिक्का. सात हालीचे साधारण सहा इंग्रजी रुपये होत. पण हद्दीच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट सारखीच होती, ती म्हणजे बलुतं. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव, महार, मांग वगैरे मंडळी वर्षभर शेतकऱ्याचं काम करणार, आणि सुगीत खळं झालं की त्यातला ठरलेला वाटा घेऊन जाणार. आमच्या भाषेत सांगायचं तर एएमसी! औत मोडलं की सुतार येणार, दर वेळी वेगळं बिल नाही.

त्यातही उतरंड होती. थोरली कास, मधली कास, धाकटी कास अशा बलुतेदारांच्या तीन ओळी, आणि ओळीप्रमाणे वाटा कमी-जास्त. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहून हा सगळा व्यवहार तपशीलवार मांडला. आत्रे स्वतः महसूल खात्यातले, त्यामुळे पेंढ्या आणि पायल्यांपर्यंतचा हिशोब त्यांना ठाऊक. त्यांचा सूर मात्र कौतुकाचा नाही. एवढ्या सगळ्यांचे वाटे देता देता कुणबी पिचून जातो, अशी त्यांची तक्रार आहे.

तरीही एक मुद्दा लक्षात घ्या. बलुतं म्हणजे बक्षीस नव्हे. तो हक्क. आमची आजी सांगायची की खळ्यावरची रास घरी यायच्या आधी बलुतेदारांची पायली निघायची, मग उरलं ते आपलं. देणाऱ्याचा मूड चांगला आहे की वाईट, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. (निदान कागदावर तरी!)

मग हे बिघडलं कशाने? वऱ्हाडात तरी पहिलं नाव घ्यावं लागेल कापसाचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मलकापूर, शेगाव, अकोल्याकडून रेल्वे गेली, खामगावची बाजारपेठ फुगली. ज्वारी खळ्यावर येते, बलुतेदाराच्या डोळ्यांदेखत तिची रास होते. कापूस मात्र शेतातून गाडीत आणि गाडीतून बाजारात. पैसा शेतकऱ्याच्या कनवटीला लागल्यावर त्यातून वाटा मागायचा कसा? शिवाय कामंही बदलली. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, तांब्या-पितळेची आणि पुढे अॅल्युमिनियमची भांडी आली. सुताराचं आणि कुंभाराचं काम घटलं तसा त्यांचा हक्कही पातळ होत गेला. ज्याला काल वाटा म्हणत, तो आज सणाच्या दिवशीचा शिधा झाला. विदर्भात पोळ्याला गडी बैल घेऊन दारी आला की त्याला 'बोजारा' देतात. हौसेचीच गोष्ट आहे ती, मुलंसुद्धा तान्ह्या पोळ्याला मागतात. पण बोजारा किती, ते देणारा ठरवतो.

आणि आता या सगळ्यातला खरा काटा. हक्क असला म्हणजे मान असतो असं नाही. येसकर महाराला पाळीच्या दिवसांत घरोघर जाऊन भाकरी घ्यायचा अधिकार होता. हो, अधिकारच! गावाची राखण, निरोप पोचवणं, सारा भरायला माणसं बोलावणं, या सगळ्याचा तो मोबदला होता. पण ती भाकरी त्याला दाराबाहेर उभं राहून, हाळी देऊन, वरून टाकलेली घ्यावी लागे. वहीत हक्क, आणि दारात भीक. शिवाय कामाला मर्यादाच नाही. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की घरातल्या कोणी ना कोणी गेलंच पाहिजे.

बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. महाराची चाकरी सरकारची आणि पोट मात्र गावकऱ्यांच्या हातात, हा प्रकार त्यांना मोडायचा होता. त्यांची एक सूचना होती की बलुत्याचं धान्य बंद करून त्याची रोख रक्कम ठरवावी, ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावी आणि महारांना द्यावी. साधी वाटते, पण तिच्यात सगळं आलं. रक्कम आधीच ठरलेली, आणि ती मागायला कोणाच्या दारात उभं राहायला नको. गावातल्या वरच्या मंडळींना हे मानवणं शक्यच नव्हतं. विरोध झाला आणि १९२९ साली विधेयक मागे घ्यावं लागलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५८ साली. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं, ते उगीच नाही.

(धाड तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे १९२८ चं विधेयक तिथे लागू होणारच नव्हतं. पण दारात उभं राहायची पद्धत हद्दी बघून थांबत नाही.)

ज्या अमेरिकेच्या टीपेचं आपण एवढं टेन्शन घेतो, तिथेही हीच गोष्ट दिसते. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टीपेवर भागवा. त्यांनी १९२५ साली युनियन काढली आणि १९३७ साली कंपनीशी करार करून घेतला, तेव्हा कुठे पगार सुधारला. आणि आजसुद्धा अमेरिकेच्या संघीय कायद्यात टीप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचं किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. ग्राहकाच्या टीपेने एकूण किमान वेतन भरून निघेल, असा हिशोब. म्हणजे पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेला!

आपल्याकडचा ताजा वाद सर्व्हिस चार्जचा. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलांनी बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि शेवटी २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. त्यावरही अपील झालंच. ग्राहक म्हणून मला निकाल पटतो. सक्तीचं बक्षीस हे बक्षीस कसलं? पण हॉटेलवाल्यांचा एक मुद्दा विचार करण्यासारखा आहे. वेटरच्या हातात दिलेली टीप आत भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही, सर्व्हिस चार्ज सगळ्यांत वाटता येतो. खळ्यावरचा वाटाच तो, एका अर्थाने. मात्र तो खरंच वाटला जातो का, हे गिऱ्हाइकाला बिलावरून कळत नाही. मग सरळ पदार्थाचे दर वाढवून पगारच नीट का देऊ नये?

असो. तर टीप किती द्यायची? माझ्यापुरतं उत्तर असं. जिथे जाल तिथे आधी हे विचारा की समोरच्या माणसाचं पोट टीपेवर आहे की पगारावर. पगारावर असेल तर टीप हा तुमच्या आनंदाचा भाग. दिली तर छान, नाही दिली तरी अपराध नाही. टीपेवर असेल तर ती त्याची मजुरी आहे असं समजून द्या, सेवा आवडली-नावडली याचे मार्क देत बसू नका. आणि दोन्हीकडे पैसे टेबलावर फेकू नका, हातात द्या. वरून टाकलेल्या भाकरीची गोष्ट माहीत असलेल्या मुलखातले आहोत आपण, एवढं तरी जमायला हवं.

पुढच्या शनिवारी भेटूच.