सम्राटाची अळंबी

भाईजानचं पोटाचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी मी त्यांच्यासाठी एक डबी आणली. आत तपकिरी कॅप्सूल, झाकणावर लाल अळंबीचं चित्र. विकणारा ओळखीचाच होता. 'चीनच्या राजांचं औषध आहे, प्रतिकारशक्ती वाढते,' म्हणाला. बी.ए.ला इतिहास घेतलेला मी. पण कुठल्या राजाचं, हे विचारायचं सुचलं नाही. ते पुढे वाचत गेलो.

ही अळंबी लाकडासारखी कठीण, लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत. चिनी लोक तिला लिंगझी म्हणतात, जपानी रेशी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'शन्नोंग पन्त्साओ चिंग' या ग्रंथात ३६५ औषधं तीन वर्गांत लावलेली आहेत. त्यात या अळंबीचे सहा रंग सर्वांत वरच्या वर्गात, आयुष्य वाढवणाऱ्या औषधांमध्ये. इ. स. पूर्व १०९ मध्ये हान सम्राट वू याच्या महालात नऊ देठांची अळंबी उगवली, तेव्हा त्यानं राज्यभर कैद्यांना माफी दिली. तिचा हा गुण मात्र मला मनापासून पटला.

सोळाव्या शतकातल्या मिंग सम्राट च्याचिंगला अमर व्हायचं होतं. त्यानं अधिकाऱ्यांना डोंगरोडोंगरी अळंबी शोधायला लावली, पाऱ्याची रसायनंही घेतली. १५६७ मध्ये, साठीही न गाठता तो गेला.

त्याच काळात हूपे प्रांतात ली शीझेन नावाचा वैद्य होता. सरकारी परीक्षेत तीनदा नापास झालेला. २७ वर्षं खपून त्यानं १५७८ मध्ये 'पन्त्साओ कांगमू' हा १,८९२ औषधांचा ग्रंथ पुरा केला. सम्राटाच्या लाडक्या अळंबीला त्यानं भाज्यांच्या विभागात बसवलं! तिचे गुण त्यानं नोंदवले. पण ही कुजक्या लाकडावर येते, माणसाच्या अंगावर गाठ यावी तशी. ती खाऊन अमर होता येतं म्हणणं हा खुळेपणा आहे, असंही स्पष्ट लिहिलं. 'गाठ' शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. ग्रंथ छापला गेला १५९६ मध्ये, ली जाऊन तीन वर्षं झाल्यावर.

'प्रतिकारशक्ती' ही भाषा अलीकडची. अळंबीच्या पेशींच्या आवरणात बीटा-ग्लुकन असतं. बुरशी हा शरीराचा जुना शत्रू, म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते ओळखतात आणि जाग्या होतात. जपाननं याच जातीच्या द्रव्यांपासून औषधं केली: कावाराताके अळंबीपासून 'क्रेस्टिन', १९७७ मध्ये, शिताकेपासून 'लेन्टिनान', १९८५ मध्ये. दोन्ही कर्करोगाच्या उपचारांना जोड म्हणून. रेशीबद्दल कोक्रेनच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये पाच चाचण्या, ३७३ रुग्ण तपासून सांगितलं, की मुख्य उपचार म्हणून ती देण्याइतका पुरावा नाही. जोड म्हणून विचार करता येईल.

जोड. हा शब्द त्या डबीवर नव्हता, आणि मलाही ठाऊक नव्हता. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर भाईजान म्हणाले, "बास झालं आता ते इस्पितळ. तुझी डबी आहे ना!"

मी काहीच बोललो नाही.