तारांवर तोललेली गाडी

आगाशी-निर्मळपासून भुईगावापर्यंतच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातली केळी, भाजी आणि विड्याची पानं एकेकाळी बैलगाडीनेच वाडीबाहेर पडत. त्या गाडीच्या चाकात मधोमध लाकडी तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले वक्र लाकडी तुकडे आणि त्या सगळ्यावर चढवलेली लोखंडी धाव. धाव तापवून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आकसली की लाकडाचे सारे सांधे आवळून बसतात. अशा चाकात भार पेलण्याचं काम तुंब्याखाली येणाऱ्या आऱ्याचं. तो खांबासारखा दाब सोसत उभा असतो. म्हणून आरा जाड हवा, आणि आरे जाड म्हणून चाक जड.

बैलाच्या चालीला हे वजन खपून गेलं, इंजिनाच्या वेगाला खपेना. गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर झेलला जातो, पण चाक स्प्रिंगच्या खाली असतं. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा चाकाला आधी उचलतो. चाक जितकं जड तितकं ते रस्त्यावर परत टेकायला वेळ लावतं, आणि टेकलेलं नसताना त्याला ना वळवता येतं ना थांबवता. वेगाने पळणाऱ्या गाडीच्या चाकाचं रूप गेली शंभर-सव्वाशे वर्षं बदलत राहिलं ते मुख्यतः याच कारणाने. मुंबईतल्या व्हिंटेज रॅलीत एमजी, जग्वार शेजारी शेजारी उभ्या असतात तेव्हा त्यांच्या चाकांतला फरक सजावटीचा वाटतो. खरं तर प्रत्येक चाक आपल्या काळातल्या एका अडचणीचं उत्तर आहे.

पहिलं मोठं उत्तर मोटारीच्याही आधी सापडलं होतं. विमानाची स्वप्नं पाहणारे इंग्रज संशोधक जॉर्ज केली यांना उडत्या यंत्रासाठी हलकं चाक हवं होतं. १८०८ मध्ये त्यांनी लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या दोऱ्या किंवा तारा कल्पिल्या. दाबली तर तार वाकते, पण ओढली तर बारीक तारही मोठा भार घेते. तेव्हा सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. गाडीचं वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, पण संपत नाही, आणि त्यामुळे तार वाकण्याची वेळच येत नाही. लाकडी चाक दाबावर उभं होतं, तारांचं चाक ताणावर उभं राहिलं.

ही कल्पना रस्त्यावर आणली सायकलवाल्यांनी. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी १८७० मध्ये ‘एरियल’ सायकलला तारांची चाकं बसवली. त्या तारा हबमधून, म्हणजे तुंब्यातून, सरळ बाहेर जात. असं चाक भार पेलतं, पण पायडलचा जोर रिंगपर्यंत पोचवताना हब आधी थोडा पिळला जातो. १८७४ मध्ये स्टार्लींनी तारा हबला स्पर्शून तिरप्या, एकमेकींना छेदत जातील अशा बसवल्या. जोर लावला की निम्म्या तारांचा ताण वाढतो, निम्म्यांचा उतरतो. नालासोपाऱ्यातल्या किंवा विरारमधल्या कुठल्याही सायकल दुकानात आज जे चाक विणलं जातं त्याची वीण हीच.

मोटारी आल्या तेव्हा त्यांनी घोडागाडीचं आणि तोफगाड्याचं लाकडी चाक उचललं. फोर्डची मॉडेल टी कितीतरी वर्षं लाकडी आऱ्यांवरच धावली. सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांत चाक चटकन निघत नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उकलत बसावं लागे. त्यावर उपाय शोधला तोही सायकली बनवणाऱ्या रज-व्हिटवर्थ कंपनीने. तिच्या जॉन प्यू यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तारांचं काढता-घालता येणारं चाक घडवलं. हबवर दाते, चाकाच्या पोटात त्यांना जुळणारे दाते, आणि बाहेरून एकच मोठा नट. गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे, उजव्या बाजूला उलटे, म्हणजे गाडी पुढे जाताना नट सैल होण्याऐवजी आवळतच जावा. नटाला दोन कान. तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीचे दोन-चार ठोके दिले की चाक हातात. शर्यतीत याचं मोल किती, हे सांगायला नको. पुढे मिलानच्या कार्लो बोरानी यांनी याच रचनेचा परवाना घेतला आणि बोरानीची अॅल्युमिनियमच्या रिंगची चाकं फेरारीची ओळख बनली.

ताणाच्या चाकाला पहिलं सडेतोड आव्हान १९२४ मध्ये मिळालं. लियों इथल्या फ्रेंच ग्रां प्रीत एत्तोरे बुगाती यांनी ‘टाइप ३५’ उतरवली. तिच्या चाकाला अॅल्युमिनियमचे आठ रुंद, चपटे आरे होते आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. चाक काढलं की ब्रेकचे शू समोर उघडे, आणि ड्रमची उष्णता आऱ्यांवाटे थेट वाऱ्याला. आरा पुन्हा दाब सोसू लागला, पण आता तो लाकडाचा नव्हता. आजच्या अॅलॉय चाकाचा हा मूळपुरुष.

इंग्लंडमध्ये मात्र तारांची माया लवकर सुटली नाही. १९४५ ची एमजी टीसी १९ इंची तारांच्या चाकांवर आली. तिच्यामागून आलेल्या टीडीला १५ इंची पत्र्याची चाकं मिळाली, तेव्हा जुने शौकीन नाराज झाले. जग्वारच्या एक्सके १२० ला आधी पत्र्याचीच चाकं होती. वेग वाढला तसे चाकात कोंडलेले ब्रेक तापू लागले, आणि मोकळ्या तारांतून वारा खेळतो म्हणून अनेकांनी तारांची चाकं घेतली. जग्वारच्याच सी-टाइपने १९५१ आणि १९५३ मध्ये ल मांची शर्यत जिंकली ती तारांवरच. पण १९५३ च्या ल मांमध्ये त्याच गाडीला डिस्क ब्रेक होते. त्याने ब्रेक जोरकस झाले, आणि तारांवर येणारा ओढाही वाढला. १९५४ च्या डी-टाइपला डनलॉपने भोकं पाडलेली हलक्या धातूची चाकं दिली. १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं डी-टाइपने ल मां जिंकली. शर्यतीपुरता निकाल लागला होता. तरी १९६१ मध्ये विक्रीला आलेल्या ई-टाइपला जग्वारने पुन्हा ७२ तारांचं चाक दिलं, कारण ग्राहकाच्या मनातली स्पोर्ट्स कार अजून तारांवरच धावत होती.

मग रुंद टायर आले. वळणावर टायर जितका घट्ट पकडतो तितकं चाक आडवं ओढलं जातं, आणि हबपासून चिंचोळ्या कोनात निघालेल्या तारांना हा आडवा ओढा सर्वांत जड जातो. शिवाय रिंगेत तार आवळणाऱ्या प्रत्येक निपलसाठी भोक असतं, तिथून हवा सुटते. म्हणून साध्या तारांच्या चाकाला ट्यूब लागतेच. ट्यूबलेस टायरने त्याचा मोठा आधार काढून घेतला. १९६४ मध्ये फेरारी २७५ जीटीबी ओतीव चाकांवर आली. ती चाकं कांपान्योलोची, म्हणजे सायकलचे सुटे भाग बनवून नाव कमावलेल्या घराण्याची. तारांचं चाक मोटारीला दिलं सायकलवाल्यांनी, आणि ते उतरवण्यातही सायकलवाल्यांचाच हात लागला. १९६६ मध्ये पोर्शे ९११ एस ला फुक्सने पाच पाकळ्यांचं, ठोकून घडवलेलं अॅल्युमिनियमचं चाक दिलं. ठोकल्याने धातूचे कण दाटतात, म्हणून ओतीवपेक्षा कमी धातूत तितकंच बळ मिळतं. त्याच दशकात मिनी कूपरवर मिनिलाइटची मॅग्नेशियमची आठ आऱ्यांची चाकं दिसू लागली. मॅग्नेशियमचं वजन अॅल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश. मुंबईत अॅलॉय चाकाला सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात ते याच धातूमुळे, जरी आज त्यात बहुधा अॅल्युमिनियमच असतं. खरं मॅग्नेशियम खाऱ्या हवेत झपाट्याने गंजतं, तेव्हा अर्नाळ्याच्या वाऱ्यात त्याचा निभाव लागणं कठीण.

इकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट पत्र्याची चाकं आणि वर चकचकीत कप घेऊनच आयुष्यभर धावली. आज बुगातीच्या त्या चाकाचे वंशज शिक्रापूरला एन्केईच्या कारखान्यात घडतात आणि वसईच्या महामार्गावर दर मिनिटाला दिसतात. ते अधिक सुरक्षित आहेत, त्यांना निगा कमी लागते, आणि रोजच्या गाडीला तेच योग्य.

जुन्या गाडीचा न्याय मात्र निराळा. टीसीला १९ इंची तारा, टीडीला तिचा साधा पत्रा, ई-टाइपला ७२ तारा, ९११ एस ला फुक्स, असं ज्याचं त्याला असावं. टीडीला देखण्या तारा चढवल्या की ती टीसी होत नाही, फक्त तिच्या काळाची साक्ष पुसली जाते. तारांची चाकं ठेवायची तर त्यांना हात लावणारा माणूस हवा. चाक स्टँडवर फिरवून, कुठे निपल आवळत कुठे सैल सोडत रिंगेचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं हे काम यंत्रापेक्षा बोटांना जास्त कळतं. स्पोकवर पान्याची टिचकी मारली की ताणलेला खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो. एक सैल राहिला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो आणि एकामागून एक स्पोक तुटत जातात. सायकलला हे लागू आहे, बुलेटला आणि जग्वारलाही तितकंच. स्पोकच्या बुलेटला अॅलॉय बसवण्याच्या लाटेत हे कसब वसई-विरारमध्ये हळूहळू कमी होत चाललं आहे. ज्यांच्याकडे स्पोकची गाडी आहे त्यांनी वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, तिची चाकं अशा जाणत्या हाताकडे न्यावीत, कामाचे नीट पैसे द्यावेत आणि शेजारी उभं राहून ते काम शिकूनही घ्यावं. गाड्या संग्रहात टिकतात, पण त्यांची चाकं सरळ ठेवणारी विद्या वापरात राहिली तरच टिकते.